साठी बुद्धी नाठी? : एका आजाराला नाव कसे मिळाले

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तुम्ही सर्वांनी ऐकली असेल. माणूस साठीला आला की त्याची बुद्धी पळ काढते, असा तिचा अर्थ. म्हणी अनुभवातून जन्मतात, तेव्हा या म्हणीतही थोडा अनुभव असलाच पाहिजे. पण तिने एक मोठा घोटाळा करून ठेवला आहे. घरातली आजी जेवून उठते आणि अर्ध्या घटकेत म्हणते, “मला अजून कुणी वाढलं नाही.” आजोबा चाळीस वर्षांच्या पायाखालच्या वाटेने शेताकडे निघतात आणि भलत्याच शिवारात सापडतात. मग आपण काय म्हणतो? “वय झालं, आता असंच व्हायचं.” कुणी त्याला म्हातारचळ म्हणतो, कुणी चकवा लागला म्हणतो, कुणी देवऋषी गाठतो. आणि कुणी सरळ म्हणतो, “सोंग आहे सगळं. बरोबर हवं तेवढं लक्षात राहतं.”

आज मी तुम्हाला या ‘वय झालं’ या दोन शब्दांची हकीगत सांगणार आहे. आपल्या खेड्यातल्या माणसांनीच हे शब्द उच्चारले असे नाही बरं का! युरोपातल्या नामांकित डॉक्टरांनीही तेच म्हटले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आजार डोळ्यांना दिसल्यानंतरही सुमारे पन्नास वर्षे ते तसेच म्हणत राहिले. हे कसे घडले, आणि या आजारात मेंदूचे नेमके काय होते, ते आपण क्रमाने पाहू.

हकीगत सुरू होते जर्मनीत, फ्रँकफर्ट शहरी. साल १९०१. त्या शहरात वेड्यांचे व फेफरेवाल्यांचे एक सरकारी इस्पितळ होते. अलॉइस अल्झायमर नावाचे डॉक्टर तेथे १८८८ सालापासून काम करीत होते. इस्पितळाचे प्रमुख एमिल सिओली हे होते. त्या काळी वेड्यांना बांधून, कोंडून ठेवण्याची रीत सगळीकडे होती. सिओली आणि अल्झायमर यांनी ती शक्य तितकी बंद केली. रोग्याला बांधायचे नाही, त्याच्याशी बोलायचे, त्याला आराम द्यायचा, असा त्यांचा परिपाठ होता.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी त्या इस्पितळात ऑगुस्टे डेटर नावाची एक बाई दाखल झाली. वय अवघे ५१. नवरा रेल्वेत कारकून. संसार चांगला चालला होता. पण त्या वर्षी बाईंचे वागणे एकाएकी बदलले. प्रथम नवऱ्यावर नसते संशय घेऊ लागल्या. मग स्वयंपाक बिघडू लागला. हातात घेतलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवेना, स्वतःच्याच घरात त्या गोंधळून फिरू लागल्या. अखेर नवऱ्याने त्यांना इस्पितळात आणले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अल्झायमर त्यांच्याजवळ बसले आणि एकेक प्रश्न विचारून प्रत्येक उत्तर कागदावर टिपू लागले. त्या नोंदी आज आपल्याला वाचायला मिळतात. नाव काय? ऑगुस्टे. आडनाव? ऑगुस्टे. नवऱ्याचे नाव? त्याचेही उत्तर, बहुधा ऑगुस्टे. इस्पितळात येऊन एकच दिवस झाला होता, पण बाईंच्या मते तीन आठवडे झाले होते. पेन्सिल दाखवली तर त्यांनी तिला पेन म्हटले. पैशांचे पाकीट, किल्ली, सिगार मात्र बरोबर ओळखले. पण थोड्याच वेळाने आपल्याला काय काय दाखवले होते, हे त्यांना सांगता येईना. दुपारच्या जेवणात फ्लॉवरची भाजी आणि मांस होते. काय खाता, असे विचारले तर पालक म्हणाल्या. नाव लिहायला सांगितले, तर ‘श्रीमती’ एवढे लिहून हात थांबला, पुढचे विसरले. आपण स्वतःच हरवलो आहोत, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या तोंडून निघत.

शिक्षकबंधूंनो, येथे एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. किल्ली म्हणजे काय हे बाईंना ठाऊक होते. पन्नास वर्षांपूर्वी शिकलेले शाबूत होते, पण पाच मिनिटांपूर्वी पाहिलेले टिकत नव्हते. हा फरक लक्षात ठेवा. त्यातच या आजाराची गुरुकिल्ली आहे.

१९०३ साली अल्झायमर फ्रँकफर्ट सोडून गेले आणि पुढे म्यूनिक येथे एमिल क्रेपेलिन या विख्यात मनोविकारतज्ज्ञाच्या हाताखाली काम करू लागले. पण ऑगुस्टेबाईंना ते विसरले नाहीत. ८ एप्रिल १९०६ रोजी बाई वारल्या. शेवटी शेवटी त्या अंथरुणात पाय पोटाशी घेऊन निपचित पडून असत. अंगाला जखमा झाल्या आणि त्यांतून रक्तात विष भिनले. सिओली यांनी बाईंची कागदपत्रे आणि त्यांचा मेंदू म्यूनिकला पाठवला.

त्या सुमारास बील्शोव्स्की या जर्मन शास्त्रज्ञाने चांदीच्या क्षाराने मेंदूचे पातळ काप रंगवण्याची नवी रीत काढली होती. त्या रीतीने पेशींमधले बारीक धागे काळे होऊन उठून दिसत. अल्झायमर यांनी ते काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा त्यांना दोन नवलाच्या गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत, कसल्याशा पदार्थाच्या बारीक बारीक गुठळ्या पसरल्या होत्या. दुसरी म्हणजे पुष्कळशा पेशींच्या आतले धागे जाड होऊन एकमेकांत गुंतले होते. काही ठिकाणी तर पेशी नाहीशीच झाली होती. केवळ धाग्यांचा गुंता उरला होता, आणि येथे एके काळी पेशी होती एवढीच खूण तो सांगत होता. शिवाय सबंध मेंदूच आक्रसलेला होता.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगन या गावी मनोविकारतज्ज्ञांची सभा भरली. अल्झायमर यांनी तेथे ही सारी हकीगत वाचून दाखवली. वाचन संपले, पण सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही. पुढल्या काळात ज्या शोधाने जगभरच्या डॉक्टरांना कामाला लावले, त्याचे स्वागत असे मुक्याने झाले.

१९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत या आजाराला ‘अल्झायमरचा आजार’ असे नाव दिले. नाव मिळाले हे चांगलेच झाले. पण त्याच वेळी एक रेघही ओढली गेली. पन्नाशीच्या आसपास होतो तो अल्झायमरचा आजार, हा दुर्मीळ. आणि सत्तरीत, ऐंशीत जे होते ते निव्वळ म्हातारपण. म्हणजे पन्नाशीच्या बाईला आजार आणि ऐंशीच्या बाईला काय, तर ‘वय झालं’!

वास्तविक ही रेघ कागदावर होती, मेंदूत नव्हती. प्राग शहरातल्या ऑस्कर फिशर या डॉक्टरांनी १९०७ सालीच वृद्ध रोग्यांच्या मेंदूतही तशाच गुठळ्या असल्याचे दाखवले होते. पण वृद्धांच्या विसरण्याकडे कोण लक्ष देतो? मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या, वय झाले, असे म्हणून डॉक्टर पुढल्या रोग्याकडे वळत. अल्झायमर स्वतः १९१५ साली वारले, तेही अवघ्या ५१व्या वर्षी.

या झोपेतून जाग आली ती १९६० नंतर. इंग्लंडात न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तीन डॉक्टरांनी एक साधे पण कष्टाचे काम हाती घेतले. वृद्ध माणसे हयात असतानाच त्यांची स्मरणशक्ती तपासायची, घरच्यांना विचारून त्यांच्या रोजच्या वागण्याची नोंद ठेवायची, आणि ती वारल्यानंतर त्यांच्या मेंदूतल्या गुठळ्या मोजायच्या. १९६८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : ज्याचे विस्मरण जास्त, त्याच्या मेंदूत सर्वसाधारणपणे गुठळ्याही जास्त. पुढे १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन यांनी स्पष्ट शब्दांत लिहिले, की पन्नाशीतला अल्झायमर आणि म्हातारपणातला बहुतेक स्मृतिभ्रंश हा एकच आजार आहे. दुर्मीळ म्हणून बाजूला ठेवलेला आजार घरोघरचा निघाला!

आता तुम्ही विचाराल, या गुठळ्या आणि हे गुंते माणसाची आठवण कशी पुसतात? ते समजण्यासाठी आधी निरोगी मेंदूचा कारभार पाहू.

माणसाचा मेंदू वजनाने सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम. त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. एकेक पेशी हजारो पेशींशी जोडलेली असते आणि त्या एकमेकींना सतत निरोप देत असतात. आपली आठवण म्हणजे एका कप्प्यात ठेवलेली वस्तू नव्हे. पेशींमधल्या या जोडण्यांत ती गुंफलेली असते.

कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग आहे. आपल्या गावचा तलाठी जसा नव्या नोंदी करतो, तसे याचे काम. आज काय खाल्ले, कोण भेटले, किल्ली कुठे ठेवली, याची पहिली नोंद येथे होते. जुनी दफ्तरे मात्र कालांतराने तालुक्याच्या कचेरीत जावीत तशी मेंदूच्या इतर भागांत पक्की होतात. हे नुसते अनुमान नव्हे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाची फेफरे थांबावी म्हणून शस्त्रक्रिया करताना मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या या भागाचा बराचसा अंश काढून टाकण्यात आला. फेफरे कमी झाली. पण त्या दिवसापासून, २००८ साली मृत्यू येईपर्यंत, या गृहस्थांना नवी घटना लक्षात ठेवता आली नाही. बालपण मात्र आठवत होते. तलाठ्याची कचेरी बंद पडली, तालुक्याची दफ्तरे शाबूत राहिली.

अल्झायमरच्या आजारात नेमका याच भागावर आणि त्याच्या शेजारावर आधी घाला पडतो. पेशींच्या बाहेर ज्या गुठळ्या दिसतात, त्या अमायलॉइड नावाच्या चिकट प्रथिनाच्या असतात. हे प्रथिन १९८४ साली अमेरिकेत जॉर्ज ग्लेनर व त्यांच्या सहकाऱ्याने वेगळे काढून ओळखले. पेशीच्या आतला गुंता दुसऱ्या एका प्रथिनाचा असतो, त्याचे नाव टाऊ. हे टाऊ मुळात उपकारी. मांडवाचे बांबू जसे सुंभाने आवळून उभे ठेवतात, तसे पेशीच्या लांब शाखांमधल्या बारीक नळ्या टाऊमुळे टिकून राहतात. त्या नळ्यांवरून पेशीच्या टोकापर्यंत रसद जाते. आजारात टाऊ सुटते आणि स्वतःच गुंता होऊन बसते. सुंभ सुटला की मांडव खाली येणारच! रसद थांबते, शेजारच्या पेशींशी असलेली जोडणी तुटते आणि शेवटी पेशी मरते. मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही. असे करता करता मेंदू सुकलेल्या आक्रोडासारखा आक्रसतो.

फ्रँकफर्ट येथेच, म्हणजे ऑगुस्टेबाईंच्या शहरात, हायको ब्राक आणि एव्हा ब्राक या दांपत्याने १९९१ साली हे गुंते मेंदूत कोणत्या क्रमाने पसरतात ते दाखवून दिले. हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावर आरंभ, मग स्वतः हिप्पोकॅम्पस, मग विचार, भाषा, दिशा यांचे भाग. हातपाय हलवणारा भाग बराच उशिरा. आता घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे या क्रमाने पाहा. आधी कालचे जेवण विसरते. मग शब्द सापडत नाहीत, ओळखीची वाट चुकते. मग नातवाचे नाव जाते, कपडे घालणे, आंघोळ करणे जमत नाही. पण पाय धडधाकट असतात, म्हणून माणूस चालत चालत गावाबाहेर जाते. लहानपणी घोकलेली पावकी, निमकी आजोबा धडाधड म्हणून दाखवतात आणि सकाळी कोण आले होते ते सांगू शकत नाहीत. आपण म्हणतो, “हवं तेवढं बरोबर आठवतं!” नाही हो. जे जुन्या दफ्तरात आहे ते आठवते, आणि नवी नोंद झालेलीच नसते. यात सोंग कुठले?

आणखी एक गोष्ट. ही पडझड एका रात्रीत होत नाही. पहिले लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून मेंदूत गुठळ्या साचू लागलेल्या असतात. घराच्या वाशाला आतून वाळवी लागावी, तसे.

भारतापुरते बोलायचे तर, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या माणसांत शेकडा सुमारे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे. यात अल्झायमरबरोबर इतर प्रकारही आले. हे प्रमाण शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळले. पण हाच आकडा उलटा करून वाचा. साठीपुढचे शंभरातले नव्वदांहून अधिक लोक स्मृतिभ्रंशापासून मुक्त आहेत. मग ‘साठी बुद्धी नाठी’ खरी कशी? वयाबरोबर या आजाराचा धोका वाढतो हे खरे, पण वय म्हणजे आजार नव्हे.

यावर औषध आहे का? आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. काही गोळ्यांनी काही काळ लक्षणे सौम्य होतात. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध मेंदूतले अमायलॉइड कमी करते आणि सुरुवातीच्या रोग्यांत आजाराची चाल थोडी मंद करते. पण ते महाग आहे आणि मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोकाही त्यात आहे.

तरीही डॉक्टरकडे जायचेच, आणि लवकर जायचे. का, तर प्रत्येक विसराळूपणा अल्झायमरचा नसतो. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, कंठग्रंथीचे काम मंदावले, मनाला खोल उदासी आली, तरी माणूस विसरू लागतो, आणि यांवर उपाय आहेत. ‘वय झालं’ म्हणून घरी बसवलेल्या माणसांत असे सुधारण्यासारखे कितीतरी असतील. शिवाय काही गोष्टी आपल्या हातात आहेत. जगातल्या तज्ज्ञांच्या एका मंडळाने २०२४ साली सांगितले, की चौदा कारणांवर इलाज केला तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रोगी टाळता येतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलता येईल. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, एकटेपणा ही कारणे आहेत. आणि शिक्षकबंधूंनो, लहानपणी शिक्षण न मिळणे हेही त्यांतले एक कारण आहे. शाळेतून गळणारी मुलगी तुम्ही परत वर्गात आणता, तेव्हा तिच्या सत्तरीतल्या मेंदूचीही तुम्ही बेगमी करीत असता.

आता घरच्या माणसांसाठी दोन शब्द. २०१४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अल्झायमरच्या रोग्यांना काही दुःखद आणि काही आनंदाची चित्रपटदृश्ये दाखवली. थोड्या वेळाने विचारले, तर काय पाहिले ते त्यांना फारसे आठवत नव्हते. पण मनातली उदासी किंवा आनंद टिकून होता. याचा अर्थ काय? सकाळी तुम्ही आईवर खेकसलात. तासाभराने तुमचे शब्द ती विसरली. दुखावलेपण मात्र राहिले, आणि आपल्याला वाईट का वाटते आहे हेही तिला कळत नाही. तसेच तुम्ही तिचा हात हातात घेऊन दोन गोड शब्द बोललात, तर तेही शब्द जातील, पण बरे वाटणे राहील.

म्हणून परीक्षा घेऊ नका. “मी कोण, ओळख पाहू?” असे विचारू नका. “आई, मी तुमची धाकटी सून,” असे आपणच सांगावे. तोच प्रश्न दहाव्यांदा आला तर दहाव्यांदा उत्तर द्यावे, कारण त्यांच्या दृष्टीने तो पहिल्यांदाच विचारलेला असतो. वस्तू ठरलेल्या जागी ठेवाव्यात, खिशात घरचा पत्ता असावा, विहिरीच्या आणि चुलीच्या बाजूला नजर असावी. आणि जी सून, जी मुलगी रात्रंदिवस हे सारे करते, तिला घरच्या इतरांनी आळीपाळीने विसावा द्यावा. तीही माणूसच आहे.

ऑगुस्टेबाईंची ती कागदपत्रे पुढे हरवली होती. १९९५ साली फ्रँकफर्टला ती पुन्हा सापडली. मेंदूचे कापही नंतर म्यूनिकला मिळाले आणि अल्झायमर यांनी पाहिले होते ते सारे त्यांत जसेच्या तसे दिसले. तो मोठा शोध खरा. पण त्याची सुरुवात सूक्ष्मदर्शकापासून झालेली नाही. एका डॉक्टरने भांबावलेल्या बाईजवळ बसून, तिच्या चुकीच्या उत्तरांना न हसता, न चिडता, ती ऐकून घेतली, तेथून ती झाली. सूक्ष्मदर्शक आपल्या घरी नाही. जवळ बसून ऐकणे मात्र प्रत्येक घराला परवडण्यासारखे आहे.

दर वर्षी २१ सप्टेंबर हा दिवस जगभर अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत मुलांना ही हकीगत सांगा. आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण कानावर आली, तर त्यांना विचारायला शिकवा : वय झालं म्हणता, पण डॉक्टरला दाखवलं का?